मदत हवी आहे: नाईट ड्युटीचं रोटेशन कसं लावता?

नमस्कार मंडळी, मी नाशिकला गंगापूर रोडच्या एका ३० बेडच्या हॉस्पिटलमधे सिस्टर इनचार्ज आहे. दोन महिन्यात तीन जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या) मुली सोडून गेल्या, आता उरलेल्यांवर नाईटचा सगळा लोड येतोय, सलग सात-सात नाईट होतायत. परवा पहाटे चारला राउंडला गेले तर पेठची एक मुलगी, जेमतेम बावीसची, इंजेक्शन ट्रेपाशी उभी राहून तीच लेबल परत परत वाचत होती, अक्षरं फिरतायत ताई म्हणाली. मला फार भीती वाटली हो, चुकून दुसरंच औषध गेलं असतं तर?

सरांशी बोलले तर म्हणतात नवीन मुली मिळतील. पण पगार? २०१६ मधे केंद्राच्या समितीने ५० पेक्षा कमी बेडच्या खाजगी हॉस्पिटललाही नर्सला २०,००० पेक्षा कमी देऊ नका असं सुचवलेलं, आमच्याकडे तेवढे कोणालाच नाहीत.

तुमच्याकडे सलग किती नाईट लावता, नंतर ऑफ किती देता? आणि मॅनेजमेंटला पगाराचं कसं पटवलंत? नाशिकमधल्या इनचार्ज सिस्टरांनी प्लीज सांगा, सोमवारी नवीन रोस्टर लावायचंय.