चित्रकथेचे श्राव्यनाट्य करताना निवेदक हवाच का?

अनाहत (धागाकर्ता)

नील गेमन यांच्या ‘द सँडमन’ या चित्रकथामालिकेचे ऑडिबल या श्राव्यपुस्तकांच्या कंपनीने २०२० च्या जुलैमध्ये आणलेले श्राव्यनाट्य, म्हणजे त्याचा पहिला भाग, नुकताच ऐकून संपवला. वीस प्रकरणे आहेत आणि ऐकायला सुमारे अकरा तास लागतात. स्वप्नांचा अधिपती मॉर्फियस जेम्स मॅकॲव्हॉय यांनी उभा केला आहे, त्याची थोरली बहीण मृत्यू कॅट डेनिंग्ज यांनी, आणि ल्यूसिफर मायकेल शीन यांनी. दिग्दर्शक डर्क मॅग्ज यांनी सुपरमॅन आणि बॅटमॅन यांना बीबीसीच्या नभोवाणीवर आणण्याचे काम ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून केले आहे, त्यामुळे हा हात नवखा नाही. नटसंचाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती निवेदनाबद्दल. निवेदक स्वतः गेमन आहेत. चित्रचौकटीत काय काढायचे हे त्यांनी चित्रकारांसाठी मूळ संहितेत लिहून दिले होते, आणि त्याच वर्णनांचा आधार घेऊन श्रोत्याला प्रसंग सांगितला जातो. वाक्ये सुंदर आहेत, आवाजही मुरलेला आहे. पण जे दार आत्ताच करकरले ते उघडले हे मला पुन्हा का सांगायचे? ‘द साउंड ऑफ हर विंग्ज’ हा आठवा अंक घ्या. कागदावर त्या पंखांचा आवाज वाचकाच्या मनातच उमटतो, कारण कागद मुका असतो. श्राव्यनाट्यात तोच आवाज प्रत्यक्ष ऐकवता येतो, आणि माध्यम बदलण्याचे सार्थक नेमके इथे आहे. अशा वेळी निवेदक मध्ये आला की मी नाटक ऐकतो आहे की कोणी मला चित्रकथा वाचून दाखवतो आहे, असा प्रश्न पडतो. माझे म्हणणे असे की, चांगल्या श्राव्यनाट्याला निवेदकाची कुबडी लागू नये.

कुंचला

आपण उदाहरण सोयीचे निवडले आहे. पहिलाच अंक घ्या ना. १० जून १९१६ रोजी रॉडरिक बर्जेस हा मांत्रिक मृत्यूला बांधायला जातो आणि त्याच्या मंडलात सापडतो तिचा धाकटा भाऊ. पुढची सत्तरहून अधिक वर्षे तो काचेच्या गोलात नग्न बसून राहतो आणि पकडणाऱ्यांशी एक अक्षर बोलत नाही. चित्रात हे किती सोपे आहे पाहा: गोल तोच, बसण्याची ढब तीच, फक्त बाहेरची माणसे म्हातारी होत जातात. आता हेच निवेदकाशिवाय कानांना कसे दाखवणार? न बोलणारा नायक ध्वनिफितीवर जवळजवळ नसतोच.

दुसरे, चित्रकथेतले संवाद हाताने लिहिणारे टॉड क्लाइन यांच्या अक्षरांचा आपण उल्लेखही केला नाही. मॉर्फियसचे संवाद थरथरत्या कडांच्या काळ्या फुग्यात पांढऱ्या अक्षरांत येतात. मॅथ्यू या डोमकावळ्याची अक्षरे खरबरीत असतात. तो भार मॅकॲव्हॉय आणि अँडी सर्किस यांनी केवळ गळ्यावर पेलला आहे. इतके पेलणाऱ्या नटांना निवेदकाने थोडा हात दिला तर बिघडले कुठे?

अनाहत

न बोलणारा माणूस ध्वनिफितीवर नसतो, हे मला मान्य नाही. बर्जेस विचारतो, उत्तर येत नाही; तो धमकावतो, उत्तर येत नाही; काही वर्षांनी तोच प्रश्न थकलेल्या, कफ दाटलेल्या आवाजात पुन्हा येतो, आणि तरीही उत्तर येत नाही. काळ किती लोटला हे त्या आवाजाच्या वयावरून कळते. आपल्याकडे आकाशवाणी मुंबईच्या ‘प्रपंच’मध्ये टेकाडे भावजी, पंत आणि मीनावहिनी यांचे घर कोणी खोली मोजून दाखवले होते का? बोलण्याच्या लकबींवरून ते श्रोत्यांनी आपल्या मनात बांधून घेतले.

जुना_रेडिओ

‘प्रपंच’चा दाखला इथे लागू होत नाही. घरगुती श्रुतिकेतले घर श्रोत्याच्या परिचयाचे असते. नरकाचे दार किंवा स्वप्नांचा राजवाडा परिचयाचा नसतो. आणि निवेदक काढून टाकला की वर्णन नाहीसे होत नाही, ते पात्रांच्या तोंडी जाऊन बसते. जुन्या नभोनाट्यांत ‘अहो, तुमच्या हातात हा सुरा कशाला?’ अशी वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. ज्याच्या हातात सुरा आहे त्याला ती माहिती नको असते, समोरच्यालाही नको असते. ती फक्त आपल्यासाठी असते. (याचे एक विडंबन कोणीतरी लिहायला हवे.)

चित्रकथेवरून नभोवाणी मालिका करण्याची परंपराही पाहा. अमेरिकेत सुपरमॅनची मालिका फेब्रुवारी १९४० मध्ये सुरू झाली, म्हणजे चित्रकथा आल्यानंतर दोन वर्षांच्या आत. बड कॉलियर हा एकच नट क्लार्क केंट आणि सुपरमॅन दोन्ही करत असे. ‘हे काम...’ इथपर्यंत केंटचा उंच, नेमस्त स्वर आणि ‘...सुपरमॅनचे!’ म्हणताना तो एकदम खर्जात उतरायचा, की कपडे बदलले हे श्रोत्याला कळले. ‘अप, अप अँड अवे’ ही आरोळीही नभोवाणीचीच देणगी. नायकाने उड्डाण केले हे कळवायचे होते म्हणून ती आली. सुपरमॅनला दुबळा करणारा क्रिप्टोनाइट हा पदार्थ १९४३ मध्ये या मालिकेतच प्रथम अवतरला आणि मग चित्रकथेत गेला. एवढी कल्पकता असलेल्या त्या मंडळींनीही निवेदक ठेवलाच होता. त्यांना नाटक कळत नव्हते असे आपण म्हणणार का?

अनाहत

तसे मी म्हणणार नाही. पण आपलेच उदाहरण माझ्या बाजूने बोलते. ऐंशी वर्षांनंतर लोकांना आठवते ती कॉलियरची खर्जात उतरणारी ओळ आणि ती आरोळी. ध्वनीने आपली अडचण स्वतःच सोडवली, ती जागा लक्षात राहिली. निवेदकाची वाक्ये कोणाला पाठ आहेत?

स्पर्शलिपी

मी जन्मापासून पाहू शकत नाही. ही चर्चा वाचताना असे जाणवले की, दोन्ही बाजूंनी गृहीत धरले आहे की श्रोत्याने चित्रकथा आधी पाहिलेली आहे किंवा नंतर पाहता येईल. माझ्यासाठी हे निवेदन कुबडी नाही, चित्रकथेत शिरण्याची ती एकमेव वाट आहे. कादंबरी मला ब्रेलमध्ये मिळते, चित्रपट संवादांवरून बराचसा कळतो. चित्रकथा मात्र माझ्या दृष्टीने कायम बंद पेटी होती, कारण तिच्यातले शब्द वाचून दाखवणारी माणसे चित्रे गाळून पुढे जातात.

त्यामुळे माझी तक्रार अनाहत यांच्या नेमकी उलट आहे: निवेदक फार कमी सांगतो. वर कुंचला यांनी क्लाइन यांच्या काळ्या फुग्यांविषयी लिहिले, ते मला आज पहिल्यांदा कळले. सॅम कीथ, माइक ड्रिंगेनबर्ग, केली जोन्स, चार्ल्स व्हेस असे चित्रकार या अंकांतून बदलत गेले हे मला ठाऊक आहे, पण मला सगळे अंक एकाच पोताचे ऐकू आले. रेषा बदलली तेव्हा ध्वनीचा पोतही बदलायला हवा होता. यावर कोणी का बोलत नाही?

कुंचला

हा मुद्दा मला सुचला नव्हता, आणि तो मूळ वादापेक्षा मोठा आहे. कीथ यांच्या ओबडधोबड, वाकड्यातिकड्या देहांनंतर व्हेस यांची नाजूक रेषा पाहताना आपण दुसऱ्याच पुस्तकात आलो असे वाटते. जेम्स हॅनिगन यांचे संगीत उत्तम आहे, पण ते साऱ्या अंकांवर एकच झूल पांघरते.

जाता जाता: पहिल्या भागाची हिंदी आवृत्तीही आहे. तीत निवेदन तब्बू यांचे आणि मॉर्फियस विजय वर्मा यांचा आहे. तिथे निवेदक लेखक नसल्यामुळे तेच काम सूत्रधाराचे वाटते आणि मला ते कमी खटकले. अनाहत यांना निवेदन खुपते की लेखकाचा आवाज?

अनाहत

दोन्ही, पण लेखकाचा आवाज अधिक. लेखक बोलू लागला की नटांचे वाक्य सुनावणीला उभे राहिल्यासारखे वाटते.

स्पर्शलिपी, वर्णन अधिक हवे ही आपली मागणी रास्त आहे आणि तिच्यासाठी सविस्तर वर्णनाची वेगळी फीत काढता येईल. माझा आक्षेप फक्त तिथे आहे जिथे ध्वनीने काम आधीच केले आहे. एकोणिसावा अंक पुन्हा ऐका. २३ जून १५९३ ला ससेक्सच्या टेकड्यांवर शेक्सपिअरची मंडळी यक्षलोकाचे राजा-राणी ओबेरॉन आणि टायटानिया यांच्यासमोर त्यांचेच नाटक करतात. पद्यातले संवाद, पऱ्या-यक्षांचे शेरे, नटांची आपापसातली कुजबुज असे तीन थर केवळ आवाजाच्या अंतरावरून वेगळे करता येतात. निवेदकाची किती वाक्ये तिथे गाळता येतील, ते सांगा.

स्पर्शलिपी

वेगळी फीत नको. वेगळ्या फिती निघतात त्या नंतर, आणि बहुधा निघतच नाहीत.

शेरे आणि कुजबुज यांच्यापुरते आपले म्हणणे ठीक आहे. पण त्याच अंकाच्या आरंभी, विल्मिंग्टनच्या टेकडीवर रेखलेली ती प्रचंड मानवाकृती दार उघडते आणि यक्षलोकातली मंडळी बाहेर येतात. टेकडीतले दार उघडल्याचा आवाज आपण कितीही कौशल्याने केलात तरी तो मला फार तर दगड सरकल्यासारखा ऐकू येईल. ते दार आहे, ते टेकडीत आहे आणि उघडणारा रेषांचा माणूस आहे, या तीन गोष्टी कोणीतरी शब्दांत सांगितल्याशिवाय मला कळणार नाहीत. बाकीची वाक्ये हवी तर गाळा.