कानात टिकटिक, आणि नवऱ्यालाही ऐकू येते!

रातकिडा७:
मंडळी तीन आठवडे झाले उजव्या कानात टिकटिक चालू आहे, शिट्टी नाही की गुणगुण नाही, घड्याळासारखी पण त्याहून फास्ट, मधेच थांबते परत सुरू. मळ काढून झाला, ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) नॉर्मल, डॉक्टर म्हणे टेन्शन घेऊ नका. आई लसणीचं गरम तेल घेऊन मागे लागलीये. वेड्यासारखं वाटेल पण शेजारी झोपलेल्या नवऱ्यालाही ऐकू येते.

सातारी_कंदी:
केस कधी कापले शेवटचे? हसू नका, माझ्या कानाच्या पडद्यावर सलूनमधला बारीक केस जाऊन चिकटला होता, जबडा हलवला की खर्र टक्. कानाच्या डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली चिमट्याने काढला, दोन मिनिटांत विषय संपला. तेल नको हां, पडद्याला भोक असलं तर भलतंच व्हायचं.

चहाबाज:
जबड्याचा सांधा कानाला अगदी लागूनच असतो. मी झोपेत दात खातो, त्याची कटकट कानात यायची, डेंटिस्टने नाईट गार्ड दिला, रात्री दातांवर घालायचा. जेवताना वाढते का तुमची?

डॉ_रात्रपाळी:
ईएनटीत (कान-नाक-घसा) रेसिडेंट डॉक्टर आहे. नवऱ्याला ऐकू येते हे डॉक्टरांना सांगितलंत का?? नेहमीचा टिनिटस, म्हणजे कानात वाजणारा आवाज, फक्त स्वतःलाच ऐकू येतो, दुसऱ्याला येतोय म्हणजे आत खरंच काहीतरी हलतंय, स्नायू नाहीतर रक्तवाहिनी. मनगटाची नाडी धरून बघा. नाडीच्या ठोक्यावर असेल तर बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि स्कॅन लागतो, ते टाळू नका. नाडीशी जुळत नसेल तर बघा, पडजिभेच्या वरचा मऊ टाळू फडफडत असू शकतो, घशातून कानात जाणारी नळी त्याने उघडमिट होते आणि तोच टक्. गंमत म्हणजे तोंड मोठं उघडलं की हे कधीकधी थांबतं, म्हणून तोंडातून बघून सापडत नाही, नाकातून दुर्बीण घालावी लागते. कारण मेंदूत तर नाही ना हे बघायला एकदा मेंदूचा एमआरआय करतात, बऱ्याचदा त्यात काही निघत नाही. फारच त्रास असेल तर टाळूत बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन. कानाच्या आतले दोन चिमुकले स्नायूही असंच करतात, पण तो आवाज सहसा इतका बाहेर येत नाही.

चहाबाज:
बोटॉक्स टाळूत 😳

रातकिडा७:
नाडीशी नाही जुळत. आणि आत्ता मोठा आ केला तर थांबली!! नवऱ्याने कानाला मोबाईल लावून रेकॉर्ड पण केलीये, मंगळवारी दाखवते. लसणीच्या तेलाची आमटीला फोडणी दिली.