काकाच्या खोक्यातली जपानी कॅसेट: बँड पर्पलच आहे, पण गिटारवर ब्लॅकमोर नाही, मग कोण हा?

खोक्यातला_खजिना

मंडळी जरा डोकं चालवा. माझा मोठा काका मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता, कोबे आणि योकोहामाच्या फेऱ्या कायमच्या, आणि आमच्या अख्ख्या खानदानात रॉक ऐकणारा तो एकटाच. गेल्या वर्षी तो गेला. आता काकूने डोंबिवलीचं घर आवरायला काढलंय आणि माळ्यावरचं एक खोकं माझ्या गळ्यात मारलं, "तुमच्या त्या ठणाणा गाण्यांचं आहे, नेतोस का रद्दीवाल्याला देऊ". त्यात डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या बऱ्याच ऑडिओ कॅसेट आणि एक व्हीएचएस. व्हीएचएसच्या मागे टी-१२० छापलंय, वर पेनाने एकच किचकट जपानी अक्षर (फोटो टाकलाय) आणि पुढे ९३.१२. बाकी काही नाही.

शेजारच्या आजोबांकडे अजून व्हीसीआर आहे (आणि चालतोही!), त्यात लावली. चित्र ब्लॅक अँड व्हाइट आणि सतत वरखाली पळतंय, आवाज इतका जड की गिलन गातोय की रेडा हंबरतोय कळत नाही. पण गाणं हायवे स्टार हे नक्की. कुणीतरी प्रेक्षकांत बसून लपूनछपून शूट केलंय, पुढच्या माणसाचं डोकं अर्ध्या स्टेजवर. ऑर्गनवर जॉन लॉर्ड, ड्रमवाला डावखुरा म्हणजे पेसच. पण गिटारवर बँडचा नेहमीचा ब्लॅकमोर नाही! काळा गॉगल, डोक्यावर बऱ्यापैकी केस, गिटारचं हेडस्टॉक (मानेचं वरचं टोक) टोकदार. नंतर आलेला स्टीव्ह मोर्स म्हणावा तर तसाही दिसत नाही.

आणि एक गंमत. मधूनमधून कॅमेऱ्याजवळ एक माणूस कुजबुजतो "या बाई, या बाई" आणि लगेच स्क्रीन काळी! आवाज चालू, चित्र गुल. जपानमध्ये हा कोण बाईला बोलावतोय??

हॅमंड_सी३

भावा, बसला असशील तर बसूनच राहा. तो म्हणजे अमेरिकन गिटारिस्ट जो सत्रियानी.

"तो तर टकला" असं म्हणायच्या आधी सांगतो, ९३ साली त्याच्या डोक्यावर केस होते, चकाचक टाळू नंतरची. गॉगल आणि आयबानेझ कंपनीची गिटार म्हणशील तर तेव्हाही तेच. ब्लॅकमोरच्या हातात स्ट्रॅट गिटार असते, तिचं हेडस्टॉक टोकदार नाही, गोलसर मोठं.

झालं असं की ९३ ला बॅटल रेजेस ऑन अल्बम आला आणि बँड युरोपात फिरत होता, पण ब्लॅकमोर आणि गिलनमध्ये विस्तव जात नव्हता. ९ नोव्हेंबरला बर्मिंगहॅमला अधिकृत शूटिंग होतं. हायवे स्टार सुरू झालं तरी साहेब स्टेजवर नाहीत, सोलोला उगवले, पुन्हा गेले, आणि कॅमेरामनवर पाणी फेकलं कारण कॅमेरे स्टेजवर नको होते. तो व्हिडिओ पुढे कम हेल ऑर हाय वॉटर नावाने विकायलाही आला. १७ नोव्हेंबरला हेलसिंकीला शेवटचा शो वाजवून ब्लॅकमोर बँडमधून गेला तो गेलाच. आणि जपानची तिकिटं विकलेली, शो डिसेंबरमध्ये! मग सत्रियानीला बोलावलं. त्याने जेमतेम दोन-तीन आठवड्यांत सगळा सेट बसवला आणि जपान उरकून दिला, नंतर ९४ च्या उन्हाळ्यात युरोपही केला. कायमचा ये म्हणाले होते, पण त्याची सोलो काँट्रॅक्टं होती. मग ९४ च्या शेवटी मोर्स आला आणि २०२२ पर्यंत राहिला.

मुद्दा हा की सत्रियानीवाल्या जपान टूरचा अधिकृत व्हिडिओ कधी निघालाच नाही. जे आहे ते असंच, कोटाखालून काढलेलं. एकाच टूरमध्ये अधिकृत कॅमेऱ्यावर पाणी पडलं आणि महिन्याभरात पुढचा सगळा इतिहास चोरून काढणाऱ्यांच्या हातात गेला, मला तर याचं भारी हसू येतं. कॅसेटला हात लावू नकोस आता, परत लावून बघूही नकोस.

सीडी_बरी

एवढं काय त्यात. दुसऱ्याचं डोकं बघायचं, खोकला ऐकायचा, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. जपानमधला पर्पल बघायचा तर १२ एप्रिल २०१४ चा टोकियोच्या बुडोकान हॉलचा टु द रायझिंग सन घ्या, स्वच्छ चित्र, भरपूर कॅमेरे, कीबोर्डवाल्या एअरीची बोटंपण दिसतात. ऐकायचं तर मेड इन जपान हा लाइव्ह अल्बम आहेच, ७२ चा, त्याच्यापुढे काय आहे? लोकांना उगाच जुनं ते सोनं वाटतं.

फीत_आणि_बुरशी

आधी व्हीसीआर बंद करा हो!! तुमच्या रेड्याचं उत्तर देतो.

व्हिडिओ सिग्नलच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, ती कॅसेट जपानची म्हणजे एनटीएससी. आपल्याकडे पॅल. टी-१२० लिहिलंय तिथेच कळलं, आपल्याकडच्या कॅसेटवर ई-१८० असायचं. एनटीएससीमध्ये सेकंदाला ३० फ्रेम, पॅलमध्ये २५. ओळी ५२५ विरुद्ध ६२५, आणि रंग भरायची पद्धतही वेगळी म्हणून तुम्हाला ब्लॅक अँड व्हाइट दिसतंय आणि चित्र पळतंय. फीतसुद्धा तिकडे सेकंदाला साधारण ३३ मिलिमीटर धावते, पॅलमध्ये साधारण २३. आजोबांचं मशीन ती हळू ओढतंय, म्हणून गिलनचा रेडा. माणसाचा गळा ठीक आहे, मशीन चुकीचं आहे.

आता नीट ऐका, मी या कामात हात पोळून घेतलेत. कॅसेटची पुढची झडप उघडा (बाजूला बारीक खटका असतो), फितीच्या गुंडाळीकडे टॉर्च मारून तिरकं बघा. पांढरे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. डोंबिवलीच्या माळ्यावर तीस पावसाळे काढल्यावर ती नसली तरच नवल. बुरशीवाली फीत लावली की हेडला लागते, आणि त्यानंतर त्या मशीनमध्ये लावाल त्या प्रत्येक कॅसेटला. माझ्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट मी अशीच घालवली, ती अजून दर दिवाळीला ऐकवते.

फीत साफ असेल तर मागच्या कडेचा प्लास्टिकचा टॅब तोडा म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. एकदा हलकेच पुढे आणि मागे पूर्ण फिरवून घ्या, इतकी वर्षं एकाच जागी बसून फीत चिकटलेली असते. मग मल्टिसिस्टिम व्हीसीआर शोधा, म्हणजे खरंच एनटीएससी वाजवणारा. गल्फवरून आणलेले बरेच असतात, जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडे विचारा. कॉम्प्युटरवर घेताना पहिली कॉपी मोठ्ठी, कमीत कमी दाबलेली ठेवा, छाटाछाटी नंतर. आणि हात जोडून सांगतो, ते एआयचं अपस्केल नको! एका मुलाने असाच एक जुना शो "फोर-के" करून टाकलाय, त्यात सगळ्यांचे चेहरे मेणाचे झालेत आणि हॅमंड ऑर्गनच्या बटणांच्या जागी दात आलेत, खरंच दात.

निशिकासाईची_नऊवारी

हाहाहा "या बाई" वाचून ऑफिसात जोरात हसले, शेजारचे सातोसान बघायला लागले 😂

दादा तो बाईला बोलवत नाहीये. "याबाई" म्हणजे "मेलो, वाट लागली, आता पकडणार". आजकालची पोरं इथे जपानात भारी वाटलं तरी याबाईच म्हणतात, पण तुमच्या कॅसेटवरचा नक्की जुन्या अर्थाचा आहे, सिक्युरिटीवाला आला की कुजबुजायचं आणि कॅमेरा कोटाखाली. आणि तुम्ही फोटो टाकलाय ते अक्षर "मुरासाकी", म्हणजे जांभळा. डीप पर्पल, ९३ डिसेंबर. झालं की सगळं लेबल वाचून.

मी इथे नऊ वर्षं आहे, बुडोकानला तीन शो बघितलेत म्हणून थोडं सांगते. कुदानशिता स्टेशनवरून चढ चढून गेलं की अष्टकोनी छप्पर दिसतं, त्याच्या टोकाला सोनेरी गोळा, त्याला इथले लोक प्रेमाने कांदा म्हणतात. मूळ ६४ च्या ऑलिंपिकच्या ज्युदोसाठी बांधलेलं, ६६ ला बीटल्स वाजवून गेले आणि मग रॉकवाल्यांची रांगच लागली. आत छताच्या मध्यावर जपानचा मोठा झेंडा लटकवलेला असतो, तुमच्या कॅसेटमध्ये तो कुठे दिसला तर तो शो बुडोकानचा धरायला हरकत नाही.

शूटिंगचं म्हणाल तर परदेशी बँडच्या शोला "फोटो व्हिडिओ बंद" अशा पाट्या घेऊन माणसं रांगारांगांतून फिरतात. एखाद्याने फोन वर काढला की त्याच्या बाजूला येऊन वाकून, हात जोडल्यासारखं करून नाही म्हणतात. ओरडत नाहीत, त्यामुळे जास्तच लाज वाटते. हल्ली काही बँड एखाद्या गाण्याला परवानगी देतात तो भाग वेगळा. आणि प्रेक्षक गाणं चालू असताना गप्प, संपलं की कडकडाट, मग पुन्हा इतकी शांतता की स्टेजवरचा माणूस बाटलीचं झाकण उघडतो ते ऐकू येतं. शो संपल्यावरही जागेवरच बसून, घोषणा होईल त्या क्रमाने बाहेर. पहिल्यांदा मी आपली सवयीने दाराकडे धावले, एकटीच!

म्हणून ९३ साली तिथे कॅमेरा नेणाऱ्याची छाती किती असेल बघा. तेव्हाचे हॅन्डीकॅम काही खिशात मावणारे नव्हते.

हॅमंड_सी३

@सीडी_बरी मेड इन जपानला मीही हात जोडतो, पण तो "जपान"सुद्धा किती सरळ आहे बघ ना. १५ आणि १६ ऑगस्ट ७२ ओसाका, १७ ला बुडोकान, आठ ट्रॅकवर साउंड इंजिनिअर मार्टिन बर्चने टिपलं, मिक्सिंगला बँडमधले पेस आणि ग्लोवर दोघेच गेले, आणि कव्हरवरचा फोटो कुठला? लंडनच्या शोचा! वुमन फ्रॉम टोकियो हे गाणं तर जपान बघायच्या आधीच रेकॉर्ड केलं होतं. म्हणजे अधिकृत माल चांगलाच असतो, पण तो कुणीतरी निवडून, पुसून, तीन रात्रींतला बरा तुकडा उचलून दिलेला असतो.

७५ चं डिसेंबर घे. बुडोकानला तेव्हाच्या गिटारिस्टचा, बोलिनचा, डावा हात जवळजवळ निकामी झालेला, तो कसेबसे सूर लावतोय आणि लॉर्ड ऑर्गनवर गिटारची जागा भरून काढतोय. ती फिल्म अधिकृत आहे, तरी बघताना पोटात गोळा येतो. तिथे कटिंग करूनही लपलं नाही. चोरट्या कॅमेऱ्यात तर कटिंगच नाही. सत्रियानी सोलो संपवून लॉर्डकडे बघतो, "आता तू ना?" असा चेहरा करून, ते अधिकृत व्हिडिओवाले कापणार आणि तिथे ड्रमचा क्लोजअप लावणार. मला तो चेहरा बघायचाय. दोन आठवडे आधी आलेला माणूस, आणि समोर वीस वर्षं ब्लॅकमोरसाठी येणारं पब्लिक, एकदम गप्प बसलेलं!

आताच्या फोनवाल्यांचं काय सांगू, एका शोच्या शंभर क्लिप आणि शंभरही स्मोक ऑन द वॉटरच्या पहिल्या तीस सेकंदांच्या. मधला शो कुणी काढतच नाही.

सीडी_बरी

बरं बाबा. पण अपलोड झाल्यावर लिंक टाका. (बघणार नाही, ऐकणार फक्त.)

फीत_आणि_बुरशी

अपलोड जपून. पूर्ण शो टाकलात तर गाण्यांच्या हक्कावरून क्लेम येऊन उडू शकतो. आणि विकायचं नाही हा या धंद्यातला, म्हणजे बिनधंद्यातला, जुना नियम आहे. काकांनाही ती कुणीतरी फुकटच कॉपी करून दिली असणार. आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावरून व्हीएचएसवर उतरवलेली, म्हणजे कमीत कमी दुसरी पिढी. रंग फिके निघतील, दचकू नका.

खोक्यातला_खजिना

अपडेट! उशीर झाला, सॉरी. बुरशी होती पण फक्त कडेला. गिरगावात एक रिटायर्ड शूटिंगवाले काका सापडले, त्यांच्याकडे गल्फचा मल्टिसिस्टिम. त्यांनी कॅसेट उघडून फीत हाताने फिरवत पुसली, दोन तास, बोलले नाहीत एक शब्द. पैसे विचारले तर म्हणाले चहा सांग.

लावली आणि रेड्याचा गिलन झाला. रंग फिके आहेत पण स्टेजवरचा जांभळा लाइट अगदी जांभळा. गिटारवर सत्रियानीच, शंभर टक्के. हॅमंडदादा तुम्ही म्हणालात तो चेहरा आहे, एकदा नाही तीनदा, आणि तिसऱ्यांदा लॉर्ड हसून मान हलवतो. झेंडा दिसला नाही कारण कॅमेरा एकदाही पुढच्या माणसाच्या डोक्यावर जात नाही, तेव्हा बुडोकान की दुसरं काही ते राहिलंच. "याबाई" एकूण सहा वेळा. सगळ्यात मोठा काळोख चाइल्ड इन टाइममध्ये, जवळपास चार मिनिटं स्क्रीन काळी, कोटाच्या आतून आवाज, आणि गिलनची किंकाळी सुरू होते तेव्हा त्या माणसाचा श्वास ऐकू येतो, अक्षरशः रोखून धरलेला. ती चार मिनिटं काढून टाकू का असं गिरगावच्या काकांनी विचारलं, मी नको म्हणालो.

फक्त एक घात झाला. स्मोक ऑन द वॉटर सुरू झालं, रिफ आली, पब्लिक पहिल्यांदाच उभं राहिलं, सोलोला सत्रियानी पुढे आला आणि कॅसेट संपली.

फीत_आणि_बुरशी

टी-१२० हो. दोन तास म्हणजे दोन तास.

निशिकासाईची_नऊवारी

याबाई 😭