कंपनीचा कारभार राणीकडे गेला, याला काय म्हणायचं?

अनुवादिनी: १८५८ च्या कायद्यावरचा उतारा मराठीत करतेय. हिंदुस्थानचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडून ‘क्राउन’कडे गेला, असं वाक्य आहे. मी ‘हस्तांतरण’ लिहिलं, संपादक म्हणतात ‘सत्तांतर’ करा. पण कॅनिंग आधी गव्हर्नर-जनरल होता, नंतर व्हाइसरॉय झाला. माणूस तोच, मग सत्तांतर कसलं? आणि ‘क्राउन’ला ‘राजमुकुट’ चालेल का?

जुनं दप्तर: मुकुट डोक्यावर घालतात, त्याच्याकडे मुलूख कसा जाईल? ‘राणी सरकार’ लिहा. आमच्या घरात म्हातारी माणसं हेच म्हणायची. आधी कंपनी सरकार, मग राणी सरकार.

शुद्धमराठी: ‘सरकार’ फारसी आहे. ‘राजसत्ता’ असताना ते कशाला?

जुनं दप्तर: मग ‘खालसा’ही टाकणार? तोही बाहेरूनच आला. खालसा मुलूख म्हणजे मध्ये जहागीरदार नाही, थेट सरकारच्या ताब्यातला. १८५८ ला हेच घडलं, मधला मक्तेदार गेला. ‘कंपनीचा मुलूख खालसा झाला’ याहून नेमकं मला तरी सुचत नाही.

सातारकर: अर्थाने बसतं, कानाला नाही. आमच्याकडे खालसा म्हटलं की १८४८ आठवतं, छत्रपतींची गादी गेली ते. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात तर आणखी मुलूख घ्यायची इच्छा नाही, असं राणीने सांगितलं. त्याच घटनेला ‘खालसा’ म्हटलंत तर वाचणारा गोंधळेल.

नाणेसंग्राहक: ‘राणी सरकार’वरून आठवलं. १८४० च्या रुपयावर एका बाजूला व्हिक्टोरिया, दुसरीकडे ‘ईस्ट इंडिया कंपनी’. कंपनीचं नाव १८६२ च्या रुपयावरून गेलं. आम्ही दोन्हींना राणीछापच म्हणतो. म्हणजे राणी नाण्यावर आधीच आली होती.

अनुवादिनी: छान माहिती. पण हस्तांतरण की सत्तांतर?

शुद्धमराठी: आधी ‘मक्तेदार’ दुरुस्त करा. १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापारच बंद केला, मग मक्ता कशाचा?

जुनं दप्तर: कारभाराचा. मुंबई बघा. दुसऱ्या चार्ल्सला ती लग्नात आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंडांवर कंपनीला दिली. राजाचा मुलूख, कंपनीची वहिवाट. याला मक्ताच म्हणतात.

शुद्धमराठी: ठरीव रक्कम भरून जागा ताब्यात घेतली तर तो भाडेपट्टा. मक्त्यात वसुलीचा हक्क लागतो.

सातारकर: मुंबईचा महसूलही कंपनीच घ्यायची की! माझ्या मते ‘इजारा’, म्हणजे ठरीव रकमेवर घेतलेला महसूलवसुलीचा ठेका.