मदत हवी आहे: लॅटिन 'क्लाविस'चं याबे, क्याव्हे, क्ले आणि आपली चावी कसं झालं?

नमस्कार मंडळी,

एका स्पॅनिश मशीनचं मॅन्युअल मराठीत आणायचं काम अंगावर घेतलंय (पॅकिंगचं मशीन आहे, जास्त विचारू नका) आणि त्यात एकच शब्द पानोपानी भेटतोय, 'याबे'. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला दोन एल. पॅनेलच्या दाराची किल्ली म्हणजे याबे, नट आवळायचा पाना म्हणजे पण याबे, अॅडजस्टेबल पाना असेल तर 'याबे इंग्लेसा' म्हणजे चक्क इंग्रजी चावी, पाण्याच्या लाइनवरचा कॉक 'याबे दे पासो' आणि कहर म्हणजे शेवटी प्रोग्रॅमिंगच्या भागात महिरपी कंसाला पण याबेच.

म्हटलं मूळ तरी बघू, तर लॅटिनमध्ये 'क्लाविस' म्हणजे किल्ली, आणि तिथून एकेक भाषेत काय काय झालंय ते बघून डोकं चक्रावलं. फ्रेंचमध्ये क्ले, इटालियनमध्ये क्याव्हे, कॅटलनमध्ये क्लाउ, रोमेनियनमध्ये क्येये, लिस्बनच्या पोर्तुगीजमध्ये शाव्ह, ब्राझीलमध्ये शावी. आता क्ले आणि क्लाउ कळतात हो, पण क्ल चा य कसा होतो आणि श कसा होतो? बरं स्पॅनिशमध्ये याबे असताना वेगळा 'क्लाबे' पण आहे, पासवर्ड, कळीचा मुद्दा, कमानीचा मधला दगड या अर्थाने. एकाच बापाची दोन पोरं एकाच घरात आणि चेहरे एवढे वेगळे?

आणि तिसरं म्हणजे सगळीकडे वाचतो की आपली चावी पोर्तुगीजमधून आली. मग ते शाव्ह म्हणतात तर आपण शावी का नाही म्हणत? च कुठून आला? जाणकारांनी जरा सोपं करून सांगा, भाषाशास्त्राचे जड शब्द टाकलेत तर मी पळून जाईन.

– पानासाठी_पाना

मधला_ल:

जड शब्द टाळून बघतो. सगळा घोळ त्या ल चा आहे. क, प, फ यांच्या मागोमाग ल आला की बऱ्याच ठिकाणी लोक तो ल जिभेचा मधला भाग टाळूला लावून ल्य असा म्हणायला लागले. म्हणजे क्ल चा क्ल्य. इथपर्यंत इटली आणि स्पेन दोघे बरोबर चालले असं धरा, नंतर वाटा फुटल्या. इटलीत ल गळाला आणि य राहिला म्हणून क्याव्हे. स्पेनमध्ये उलटं, क गळाला आणि ल्य राहिला म्हणून ल्याबे, आणि ते दोन एल या ल्य साठीच आहेत. पुढे बहुतेक स्पॅनिश लोकांनी ल्य चा पण य करून टाकला म्हणून तुम्हाला याबे ऐकू येतं. बोलिव्हिया, पेरूच्या डोंगराळ भागात अजून ल्याबे म्हणणारे आहेत. पोर्तुगाल आणि गॅलिसियात मात्र सगळं मिळून एकच आवाज झाला, च.

एकट्या चावीचं असतं तर अपवाद म्हटलं असतं, पण ही रांगच आहे. पाऊस लॅटिनमध्ये प्लुविया, तो स्पॅनिशमध्ये युबिया, पोर्तुगीजमध्ये शुवा (जुना चुवा), इटालियनमध्ये प्योज्जा, फ्रेंचमध्ये प्ल्वी. ज्वाळा म्हणजे फ्लाम्मा, तिचं यामा, शामा, फ्यामा, फ्लाम. म्हणजे क्ल, प्ल, फ्ल तिन्ही पोर्तुगीजमध्ये एकाच च मध्ये जाऊन पडले आणि फ्रेंचने तिघांनाही हात लावला नाही. रोमेनियनची तऱ्हाच वेगळी, क्ल चा क्य केला म्हणून क्येये, पण प्ल आणि फ्ल जसेच्या तसे, पाऊस प्लोआये आणि फूल फ्लोआरे.

फ्रेंचमधला क्ले वेगळ्या कारणाने बदलला. तिथे आ चा ए होतो, समुद्र मारे चा मेर, कुरण प्रातुम चं प्रे, तसं क्लावेम चं क्लेफ. शेवटचा फ नंतर उच्चारातून गेला, स्पेलिंगमध्ये अजून दोन्ही चालतात, फ सकट आणि फ शिवाय.

याबे आणि क्लाबे चं कोडं तर मराठी माणसाला पडायलाच नको. चाक आणि चक्र. एक शब्द लोकांच्या तोंडात झिजत झिजत आला, दुसरा शिकलेल्या मंडळींनी नंतर पोथीतून उचलून तसाच आणला. म्हणून हातात धरायच्या वस्तूला याबे आणि डोक्यातल्या गोष्टींना क्लाबे.

पानासाठी_पाना:

वा, चाक आणि चक्र! हे एकदम बसलं डोक्यात. पण मग माझा च राहिलाच की.

पोर्तोवाली_मावशी:

त्याचं मी सांगते, इकडे उत्तर पोर्तुगालात राहते. तो श नवीन आहे हो. पोर्तुगीज आपल्याकडे आले तेव्हा, म्हणजे 16 व्या शतकात, त्यांचा उच्चार च होता, चावे. लिस्बनकडे श व्हायला लागला तो 17 व्या शतकाच्या आसपास आणि मग तोच प्रतिष्ठेचा झाला. इथे डोंगराकडच्या गावात म्हातारी माणसं अजून च म्हणतात आणि सीमेपलीकडे गॅलिसियात तर सगळेच. वसई 1534 पासून 1739 पर्यंत त्यांच्याकडे होती, गोवा त्याच्या आधीपासून, त्यामुळे आपल्याला जो च मिळाला तो जुन्या स्टॉकमधला आहे. लिस्बनने बदलला, आपण ठेवला. शेवटच्या ए ची आपण ई केली एवढंच. मला तर इथे दुकानात चावी म्हणावंसं वाटतं आणि म्हटलं तर माझा उच्चार खेडवळ आहे असं वाटेल त्यांना.

गंमत म्हणजे स्पॅनिशमध्ये ब्युनोस आयर्सचे लोक य चा श करतात, त्यामुळे तिथे याबेचं शाबे होतं. लिस्बन आणि ब्युनोस आयर्स वेगवेगळ्या रस्त्याने येऊन जवळपास एकाच आवाजावर पोचलेत, एकमेकांचा काही संबंध नाही.

सडेतोड:

किल्ली हा आपला शब्द असताना पोर्तुगीजांची चावी हवीच कशाला म्हणतो मी.

मधला_ल:

सडेतोडराव, मग कुलूप पण परत करा, ते अरबी-फारसीच्या कुफ्ल वरून आलंय. दाराला कडी तेवढी राहील. बाकी किल्ली 'कील' वरून, म्हणजे खुंटी, खिळा. आणि लॅटिनमध्ये पण क्लाविस किल्ली आणि 'क्लावुस' खिळा हे नातेवाईकच आहेत. त्या खिळ्याचं फ्रेंचमध्ये क्लू, स्पॅनिशमध्ये क्लाबो. आणि खिळ्यासारखी दिसते म्हणून लवंग पण क्लाबो!

टाकीवरचा:

मला लॅटिन वगैरे कळत नाही पण याबे दे पासो वाचून हसलो. आमच्या मुंबईत पाणी सोडणारा माणूस चावीवालाच. रस्त्यातल्या व्हॉल्वमध्ये लांब दांडा घालून फिरवतो तो. 'चावी सोडली का' विचारलं की कुणी कुलूप शोधत नाही. आणि उत्तरेकडच्या मिस्त्रींच्या हाताखाली काम केलं असेल तर माहीत असेल, ते पान्याला चाबीच म्हणतात, दस-ग्यारह की चाबी दे. म्हणजे तुमच्या स्पॅनिशवाल्यांनी काही जगावेगळं केलेलं नाही, जे घालून फिरवायचं ती चावी.

पानासाठी_पाना:

टाकीवरचा साहेब, तुम्ही माझं काम केलंत. दाराला किल्ली, नटाला पाना, पाण्याच्या लाइनला चावी असं करून टाकतो, कंसाला कंसच. षटकोनी वाल्याला एलन की, त्यात बदल केला तर शॉप फ्लोअरवर कोणी ओळखणार नाही.

आता एक शेवटचं. याच मॅन्युअलमध्ये 'चाबेता' आहे, शाफ्ट आणि पुलीच्या खाचेत बसवतात तो लोखंडी तुकडा. हा पण क्लाविसचाच वाटतो पण स्पॅनिशमध्ये च कसा काय? मधला_ल यांच्या हिशोबाने य यायला पाहिजे.

मधला_ल:

बरोबर पकडलंत. तो घरचा नाही, इटलीच्या बोलीतून आलेला पाहुणा आहे. जिनोआ, व्हेनिसकडे क्याव्हे न म्हणता चावे म्हणतात, त्याचं लहान रूप चावेता, म्हणजे छोटी चावी, ते स्पॅनिशने उचललं. शुद्ध इटालियनमध्ये क्यावेत्ता, आणि आजकाल पेन ड्राइव्हला पण तेच म्हणतात. स्पॅनिशमध्ये माणसाचं डोकं फिरलं की त्याने 'चाबेता हरवली' म्हणतात, आपला स्क्रू ढिला तसा.

टाकीवरचा:

त्या तुकड्याला वर्कशॉपमध्ये 'की'च म्हणतात आणि खाचेला कीवे. तेच लिहा.

पानासाठी_पाना:

लिहिलं. कोर्लई-चौलकडचं कोणी वाचत असेल तर प्लीज सांगा, तुमच्या गावातल्या जुन्या पोर्तुगीज बोलीत पावसाला आणि किल्लीला काय म्हणता, च ने का श ने? मॅन्युअलशी संबंध नाही, मलाच ऐकायचंय.