व्हॅनच्या गिअरबॉक्सचं बेअरिंग: शनिवारच्या आत कळवा

मंडळी,
घरघर वाढली आहे. गाडी न्यूट्रलला उभी असताना येते, क्लच दाबला की बंद. गॅरेजवाला म्हणतो क्लच किट टाकू. मखर रेडिंगहून आणायचं आहे, तेव्हा खर्चाला मंजुरी द्या.
– साहित्यप्रमुख

———
क्लच किटला हो म्हणू नका! रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) गेलं असतं तर आवाज पेडल दाबल्यावर आला असता. इथे दाबल्यावर थांबतो, कारण इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समध्ये नेणारा दांडा, फिरायचा थांबतो. बेअरिंग त्या शाफ्टचं गेलंय. आधी ऑइल काढून ड्रेन प्लगचं चुंबक बघायला सांगा. करडा लगदा असतोच, पण पोलादाच्या कपच्या दिसल्या तर गिअरचे दातही तपासायला हवेत.
– नाना

———
टायरच्या वेळीही खर्च आधी झाला आणि बिल मागून आलं. या वेळी लेखी अंदाजपत्रक आल्याशिवाय चेक निघणार नाही. एवढंसं बेअरिंग, त्याला इतके पैसे कशाचे?
– खजिनदार

———
खजिनदारसाहेब, पैसे मजुरीचे. ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) काढायचे, इंजिनाला वरून आधार द्यायचा, मग गिअरबॉक्स खाली. म्हणूनच एकदा उतरवला की इनपुटचं ऑइल सील आणि रिलीज बेअरिंगही बदलून घ्या. इथे नानांशी माझं जमत नाही. क्लच प्लेट झिजली असेल तर तीही आत्ताच बदलावी, नाहीतर वर्षभरात तीच मजुरी पुन्हा.

माझ्या गाडीचं बेअरिंग मी जवळ उभं राहून बसवून घेतलं. गॅरेजमधला पोरगा बाहेरच्या कड्यावर नळी ठेवून ठोकायला निघाला होता, त्याला थांबवलं. शाफ्टवर चढवताना जोर आतल्या कड्यावरच हवा, नाहीतर सगळा मार गोळ्यांमधून जातो आणि नव्या बेअरिंगच्या कड्यांवर खड्डे पडतात. शेवटी ११० अंशांपर्यंत तापवलं, हाताच्या दाबाने सरकलं. मग सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) खाचेत बसली का, ते नखाने फिरवून पाहिलं.
– भाऊ, स्लाऊ

———
भाऊ, हे बॉल बेअरिंगचं झालं. टेपर रोलर, म्हणजे गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असेल तर शिम (पातळ चकती) मोजून प्रीलोड, म्हणजे ठरलेला दाब, लावावा लागतो, जुनी शिम तशीच घालून चालत नाही. चिंचवडला आमच्या शेजारी एसकेएफ या बेअरिंग कंपनीतले फिटर राहायचे. बेअरिंगवरचा नंबर पूर्ण वाचा, हे त्यांनीच शिकवलं. ६२०५ आणि ६२०५ सी३ यांचं माप एकच, २५ बाय ५२ बाय १५ मिलिमीटर, पण सी३ला आतली मोकळीक जास्त. जुन्यावर असेल तेच घ्या.
– नाना

———
मखर तीन भागांत सुटतं, आमच्या एस्टेट गाडीत मावेल. मात्र ते बांधायला आमच्याकडचंच कुणीतरी लागेल. मागच्या वेळी परस्पर उचललं आणि डावी कमान चिरली.
– रेडिंगच्या वहिनी

———
वहिनी, कमान आधीच चिरलेली होती, फोटो आहेत. मखर तुम्हीच आणा, पण यादी माझ्याकडून घ्या.

व्हॅन मंगळवारी गॅरेजला जाईल. गिअरबॉक्स उतरल्यावर क्लच प्लेटचा फोटो भाऊंना पाठवतो, बदलायची की नाही ते सांगतील. अंदाजपत्रक आणि जुनं बेअरिंग दोन्ही मागितलं आहे.
– साहित्यप्रमुख

———
ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच भरा. तिथे जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) असेल तर जीएल-५ नको, त्यातल्या गंधकाने सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या, पितळी रिंगा खराब होऊ शकतात.
– नाना