मदत हवी आहे: वेगळा दिलेला कचरा घंटागाडीत पुन्हा एक होतो, नगरपरिषदेकडे नेमकं काय मागावं?

गाव साधारण 10 हजार घरांचं. बहुतेक घरं ओला-सुका वेगळा देतात, घंटागाडीत मधे पत्र्याचा पडदाही आहे. तरी डेपोवर पोचणारा सुका माल खरकट्याने माखलेला असतो आणि भंगारवाले तो घेत नाहीत. ठेकेदाराचं बिल टनावर निघतं. निवेदनात फक्त 'जनजागृती करा' लिहून भागणार नाही. आधी काय मागावं?

प्रतिसाद 1
आधी टनाचं बिल बदलायला लावा. भंगारात गेलेला प्रत्येक किलो ठेकेदाराच्या वजनकाट्यावरून कमी होतो, मग तो वेगळं कशाला ठेवेल? पुढच्या निविदेत घरटी दर मागा, आणि मिसळलेली गाडी आली तर त्या खेपेचे पैसे कापायची अट घाला. पुण्यात 'स्वच्छ' सहकारी संस्थेचे कचरावेचक घरटी शुल्क घेतात आणि सुका माल स्वतः विकतात. कागद भिजला तर नुकसान त्यांचं, म्हणून ते तो भिजू देत नाहीत.

प्रतिसाद 2
वरच्याशी सहमत, पण पडद्याचाही दोष आहे. सुका कचरा वजनाला कमी, जागा मात्र फार खातो. त्याचा कप्पा अर्ध्या वाटेत भरतो आणि उरलेला ओल्यात जातो. सुक्यासाठी आठवड्यातून दोन ठरलेले वार आणि वेगळी गाडी मागा. घरटी रोजचा 1 किलो कचरा आणि त्यातला तिसरा हिस्सा सुका धरला, तर तीन दिवसांचा घरटी 1 किलो होतो. म्हणजे 600 घरांच्या फेरीला 600 किलो. तेवढा गोण्यांत बांधून उंच जाळीच्या टेम्पोत मावतो.

पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून तिसऱ्या डब्यात. हे एकदा सुक्यात आले की निवडणाऱ्या बायका त्या ढिगाला हात लावत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

धागाकर्ता
धन्यवाद. घरांना सूचना काय द्याव्यात?

प्रतिसाद 2
मोजक्याच द्या. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकू नका, लटकता ठेवा. सुटा तुकडा निवडताना हाताला लागत नाही. पिशवी विसळून उलटी वाळत घाला. आंबलेल्या दुधाच्या वासाने अख्खी गोणी परत येते. काच वेगळ्या पिशवीत. चिप्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टनं भंगारवाला घेत नाही. ती कचरा निवडायच्या शेडवर वेगळी साठवून सिमेंट भट्टीकडे जळणासाठी पाठवायचा करार नगरपरिषदेनेच करायला हवा.

प्रतिसाद 1
आणखी एक मागणी: जुने कपडे, पुस्तकं, भांडी यांच्यासाठी वॉर्डात एक खोली. 2023 मध्ये देशभर अशी संकलन केंद्रं उघडली होती. वस्तू नेणाऱ्यांसाठी वार ठरवला नाही, तर महिन्याभरात खोलीचं गोदाम होतं. ओले आणि फाटके कपडे दारातच परत करा, नाहीतर खालचा गठ्ठा कुजतो आणि वरचे चांगले कपडेही फेकावे लागतात.